दिव्यावरच्या वन्सं

आमच्या वन्संचा डावा डोळा कायम अर्धा मिटलेला असायचा. वाकडा नव्हता हं, चांगला धडधाकट होता. पण एकवीस वर्षं रोज आठ-आठ तास तो मिटून घ्यायचा आणि उजव्यानं अंडी बघायची म्हटल्यावर तो बिचारा तरी काय करेल? त्याला सवयच लागून गेली. नव्या माणसाला वाटायचं, ही बाई आपल्याला डोळा मारतेय. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही तसंच वाटलं. मला वाटलं इथली रीत असेल, म्हणून मीही उलट मारला. तर ह्यांना म्हणतात कशा, "कुठनं आणलीस रे ही? माझ्याशीच लाडात येते!"

वन्सं म्हणजे तुझ्या आजोबांची थोरली बहीण. तू बघितलेलं नाहीस त्यांना. लग्न केलं नाही, भावाचं घर हेच त्यांचं घर. घर म्हणजे दोन खोल्या, पुढची आणि मागची, मध्ये दार नाही, नुसता पडदा. तुझे आजोबा रंगारी. काम मिळालं तर मिळालं, नाहीतर महिनाभर ब्रश धुऊन ठेवलेले. घर चालायचं ते वन्संच्या पगारावर. त्या मला नावानं कधी हाकच मारायच्या नाहीत. 'रेडिओ' म्हणायच्या. "ए रेडिओ, जरा बंद हो, डोकं दुखतंय." मी मेली बडबडीच होते ना. आता तूच बघ, लिहून लिहून तुझा हात दुखायला लागला तरी माझं तोंड चालूच आहे.

तर त्यांचं काम. अंड्यांची शेड होती आमच्या वस्तीच्या मागं. लांबलांबच्या खुराड्यांतून गाड्या भरून अंडी यायची आणि दुकानात जायच्या आधी एकेक अंडं दिव्यासमोर धरून बघायचं. खोली काळोखी, खिडक्यांना जाड काळे पडदे. एका ओळीत सात टेबलं. प्रत्येक टेबलावर एक पत्र्याचा डबा, डब्यात दिवा आणि डब्याला पुढून एक भोक. त्या भोकाला अंडं लावायचं, एक डोळा मिटायचा, अंडं बोटांत गर्रकन फिरवायचं. आतलं सगळं दिसतं म्हणे, पिवळा बलक असा चंद्रासारखा हलताना. चांगलं निघालं तर ट्रेमध्ये. तडकलेलं निघालं तर दुसऱ्या ट्रेमध्ये, ते पाववाल्याकडे जायचं. आणि आत रक्ताचा ठिपका नाहीतर दोरा दिसला तर पायाशी ठेवलेल्या टोपलीत. त्याला डागी अंडं म्हणायचं. ते नासकं नसतं हो. कोंबडीच्या पोटात एखादी बारीकशी शीर फुटते, त्याचा तो ठिपका. चमच्यानं काढून टाकला की झालं. पण गिऱ्हाईक ते बघून किंचाळतं, म्हणून विकता येत नाही. शेडची पद्धत अशी की ज्या दिव्यावर डागी अंडं निघेल, त्या दिव्यावरच्या बाईनं ते घरी न्यायचं. बाकीच्या बायका नाक मुरडायच्या, कुत्र्यांना घालायच्या. वन्संही घालायच्या, साखर होईपर्यंत.

साखर कळली ती अंगठ्यामुळं. नवी चप्पल चावली, एवढासा फोड आला, तो दोन महिने बरा होईना. फुकटच्या दवाखान्यात नेलं मी त्यांना. तिथल्या नर्सबाईनं बोटाला सुई टोचली, यंत्र बघितलं, मग पुन्हा टोचली. तिला वाटलं यंत्रच बिघडलं.

"मावशी, जेवता काय तुम्ही?"

"गोड शिवतसुद्धा नाही मी," वन्सं म्हणाल्या. "सगळे खातात तेच. भात, बटाटा, पाव."

"ती साखरच झाली की. पोटात गेल्यावर भाताची साखरच होते."

मी म्हटलं, "अगंबाई, म्हणजे आम्ही आजवर घरात नुसती साखर शिजवतोय!"

नर्सबाईनं काय खायचं ते सांगितलं. अंडी, मासे, मटण, हिरव्या भाज्या, बदाम. वन्सं ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ही यादी आमच्या मालकाला द्या. त्याला साखर नाही, पण परवडेल त्याला."

नर्सबाई हसली खरी. पण काम काय करता ते विचारल्यावर तिचं हसू गेलं. म्हणाली, "डोळे जपा. साखर डोळ्याच्या मागं जाऊन बसते. दुखत नाही, खुपत नाही, कळत नाही. भात, पाव कमी करा आणि दर सहा महिन्यांनी मोठ्या दवाखान्यात जाऊन डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. चुकवू नका."

येताना वन्सं कोपऱ्यावर आल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "पाय कापला तरी मी बसून काम करीन गं. डोळा गेला तर काय करू?"

माझी दोन पोरं, ह्यांचं काम असं, आणि सगळ्या घराचा भार त्या एका उजव्या डोळ्यावर.

एकदा गेल्या त्या पडदा तपासायला. सगळा दिवस रांगेत गेला. डोळ्यांत औषध घातलं, ते दोन दिवस उतरेना, दिवा बघवेना. तीन दिवसांचा खाडा झाला. शेडवरच्या मुकादमानं तोंड केलं. मग परत काही गेल्या नाहीत. मी आठवण केली की म्हणायच्या, "रोज दोन हजार अंडी बघते मी. माझ्या डोळ्याची तपासणी रोजच होते."

पण खाण्याचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. त्यांनी कसलं, मीच घेतलं. घराबाहेर पडले की माझं लक्ष आपलं एकाच गोष्टीवर, की आपल्याला झेपेल असं काय आहे ज्यात साखर नाही. भाजीवाली कोबीची वरची पानं सोलून खाली टाकायची. मी म्हटलं, मला दे. ती म्हणाली, "शेळी घेतलीस का?" मी म्हटलं, "घेतली की, दोन पायांची, आणि भलतीच खोडकर आहे." फ्लॉवरचे जाड दांडे लोक ठेवून जायचे, तेही आणायची. किसून, कढईत परतून घेतले की ताटात लांबून भातासारखे दिसतात. तोंडात गेल्यावर नाही लागत, ते काय खोटं सांगू. मुळ्याचा पाला. कोंबडीवाल्याकडच्या माना आणि काळीज, त्याला कोणी विचारायचं नाही तेव्हा. शेंगदाणे मूठभर, ते मोजून, कारण पोरांच्या हाताला लागले की संपले. वन्सं ताट बघून म्हणायच्या, "लोक जे फेकतात ते सगळं माझ्या औषधाचं निघालं. डॉक्टर झालीस गं रेडिओ!"

आणि डागी अंडी. कुत्र्यांची चैन बंद झाली. रोज तीन-चार निघायची, कधी पाच. रुमालात बांधून आणायच्या. मी ती वाटीत फोडायची, ठिपका चमच्यानं उचलायची, आणि मग तव्यावर. दोन अंडी आणि परतलेला पाला, हे त्यांचं जेवण. अंगठा बरा झाला. दवाखान्यात बोट टोचलं तर नर्सबाई म्हणाली, "मावशी, काय जादू केलीत?" आम्ही दोघी वर मान करून बाहेर आलो. चांगले दिवस होते ते. वर्षभर म्हण ना.

मग अंडी वाढायला लागली.

आधी सात-आठ. मग दहा-बारा. मग एक दिवस अठरा. रुमाल पुरेना, पिशवी न्यायला लागल्या. आणि मी फोडते तर काय, डागच नाही. एक फोडलं, स्वच्छ. दुसरं फोडलं, स्वच्छ. बलक असा गोल, पिवळाधमक, कुठं काही नाही. आठवड्यात एखाद्यात ठिपका निघायचा, बास.

मी मनात म्हटलं, वन्संनी डोकं चालवलं. एकवीस वर्षं राबवून घेतलं, पगार वाढवायला मालकाच्या जिवावर येतं, तर घेऊ देत की चार अंडी. पोरं आहेत घरात. बोलायचं नसतं असलं. भिंती पातळ, शेजारच्या खोलीत शिंकलं तरी ऐकू यायचं. आणि वन्सं अशा तयारीच्या की रोज पुढच्या खोलीतून मोठ्यानं विचारायच्या, "डाग काढलास का गं नीट?" मला वाटायचं शेजाऱ्यांना ऐकवण्यासाठी विचारतात. मीही तितक्याच मोठ्यानं सांगायची, "काढला हो!"

रोज विचारायच्या. रोज सांगायची. तीन महिने.

तुझा बाप त्या वर्षी दोन बोटं उंच झाला. अंगानं भरला. मला तेच दिसत होतं.

एक दिवस मी त्यांचा डबा घेऊन शेडवर गेले, तर आत उजेड. काळे पडदे बाजूला सारलेले, सगळ्या बायका वन्संच्या टेबलाभोवती, आणि मुकादम मधोमध. टेबलावर त्यांची टोपली आणि एक स्टीलचं पातेलं.

"या, या," मुकादम म्हणाला. "घरचे साक्षीदारही आले. बघा आता."

एक अंडं घेतलं, पातेल्याच्या काठावर फोडलं. "बाई, दाखवा डाग." दुसरं फोडलं. "दाखवा." तिसरं. चौथं. पातेल्यात नुसते पिवळे बलक तरंगतायत. बायकांनी तोंडाला पदर लावले.

वन्संना घाम फुटला होता, पण आवाज चढलेला. "फोडताना धक्का देतोस तू! मोडतो तो डाग. न फोडता लाव दिव्याला. पडदा ओढा, मी दाखवते."

पडदे ओढले. काळोख झाला. वन्सं बसल्या, अंडं भोकाला लावलं, डावा डोळा मिटला. "हा बघ. हा काळा दोरा. असा खाली लोंबतोय. आणि त्याच्या शेजारी बारीक ठिपके, राखेसारखे."

शेजारच्या दिव्यावर एक उंच बाई बसायची, तिला सगळ्या लांबी म्हणायच्या. वन्संची मैत्रीण होती. ती वाकून बघून म्हणाली, "नाही दिसत गं मला." मुकादमानं बघितलं. "काही नाही."

"आंधळे आहात का सगळे? हा काय, हलतोय चांगला!"

"हलतोय म्हणजे?" मुकादम म्हणाला. "बाई, अंडं धरलंय तुम्ही घट्ट. फिरवलेलंसुद्धा नाही. आत हलेल काय?"

वन्संनी हात खाली घेतला. अंडं बाजूला ठेवलं, आणि मोकळ्या भोकाकडे, नुसत्या दिव्याकडे बघत राहिल्या.

मग एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "अजून आहे."

मुकादम तोंडाळ होता, पण आता एवढंच म्हणाला, "डॉक्टरला दाखवा. मग बघू." चोर म्हणाला नाही, पण चुकलो असंही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती, तुझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. औषध घालून, कसलासा प्रखर दिवा लावून तिनं बघितलं. म्हणाली, "आत रक्त सांडलंय, मावशी. साखरेनं डोळ्याच्या पडद्यावर कच्च्या शिरा फुटल्यात. त्यातलं रक्त तुम्हाला दोऱ्यासारखं दिसतंय. डावा डोळा उघडा असला की तो सांभाळून घेतो, म्हणून घरी कळत नव्हतं. कधीपासून दिसतंय हे?"

वन्सं म्हणाल्या, "मला काय ठाऊक? अंड्यात खरा डाग कुठला आणि डोळ्यातला कुठला, मला सारखेच दिसायचे." मग माझ्याकडे वळल्या. औषधानं बुबुळं मोठ्ठी झालेली, माझ्याकडे बघत होत्या पण मी नीट दिसत नसणार. "हिला विचारा. ही फोडते रोज. रेडिओ, शेवटचा खरा डाग कधी निघाला गं?"

पोरी, मला तिथं खोटं बोलता आलं असतं. परवापर्यंत निघत होते म्हटलं असतं, तर कोणाला कळणार होतं? जिभेवर आलंच होतं. पण ती डॉक्टरीण पेन घेऊन लिहायला बसलेली, आणि औषध त्यावर ठरायचं. मी म्हटलं, "तीन महिने झाले. कधीमधी एखादा निघायचा. बाकी सगळी स्वच्छ."

डॉक्टरीण म्हणाली, "तेव्हाच आला असता तर." लिहायला लागली.

वन्सं म्हणाल्या, "मी रोज विचारायचे तुला. डाग काढलास का म्हणून."

"हो."

"तू काढला म्हणायचीस."

"मला वाटलं वन्सं, तुम्ही मुद्दाम आणताय. पोरांसाठी. म्हणून मी आपली सावरून घेत होते."

"म्हणजे मी चोर वाटले तुला."

"चोर नाही हो! हुशार वाटलात."

"एकच झालं ते," त्या म्हणाल्या.

त्यांनी तोंड फिरवलं. एकवीस वर्षांत जाणूनबुजून एक चांगलं अंडं पदरात घातलं नव्हतं त्या बाईनं. डोळ्याचं ऐकून रडल्या नव्हत्या, तेव्हा रडल्या.

लेझर की काय ते केलं दोन्ही डोळ्यांना. पण उजव्याला उशीर झाला होता. पंधरा दिवसांनी सकाळी उठल्या आणि म्हणाल्या, "पडदा कोणी लावला?" खिडकी सताड उघडी होती. तो डोळा गेला तो गेलाच. डावा राहिला, पण अधू. माणूस ओळखू यायचं, ताटातलं काय आहे ते ओळखू यायचं नाही. डॉक्टरीण म्हणाली, साखर ताब्यात ठेवलीत तर एवढं तरी टिकेल.

दिव्यावर लांबीची मुलगी बसली. अंडी बंद झाली. लांबीनं महिनाभर आणून दिली तिची डागी, मग मुकादमानं रीतच मोडली, डागी अंडी गटारात ओतायला लावली सगळ्यांना. मी चार घरची भांडी धरली. वन्संसाठी पुन्हा तेच, पानं, दांडे, पाला. पण नुसत्या पाल्यावर माणूस किती दिवस काढणार? भूक लागायची त्यांना. बोलायच्या नाहीत. माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या, रेडिओ म्हणणं तर त्या दिवसापासून सुटलंच होतं.

एकदा आठवडाभर ह्यांना काम नाही, मलाही ताप. घरात नुसता तांदूळ आणि फ्लॉवरचा एक दांडा. मी दांडा किसला आणि त्यात निम्मा भात मिसळला. ताट पुढं ठेवलं. त्यांनी विचारलं, "काय आहे?"

मी म्हटलं, "फ्लॉवरच."

एक घास घेतला. मग ताटात बोटं घातली, शितं चिमटीत धरून चुरडून बघितली. एकवीस वर्षं अंडी फिरवलेली बोटं ती.

"भात आहे."

"थोडासाच आहे हो."

"दे की भात," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "घरात दुसरं नसेल तर भातच खाईन. भूक मलाही लागते. पण मला सांग. किती खायचा, खायचा की नाही, ते माझं मी बघीन. मला दिसत नाही तर तू सांगायला नको का? तेव्हाही तुला दिसत होतं."

एवढंच. दवाखान्यानंतर तो विषय त्यांनी त्या एका दिवशीच काढला, पुन्हा कधी नाही.

त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. डावा डोळा चार वर्षं पुरला, मग उजेड आहे की काळोख, एवढंच. पण जेवायला बसल्या की मी ताटात काय काय आहे ते आधी सांगायची, मगच ताट पुढं सरकवायची. पाला आहे. दोन माना आहेत. शेंगदाणे बारा आहेत. पुष्कळदा सांगायला फार काही नसायचं. "वन्सं, आज भात," मी म्हणायची. त्या विचारायच्या, "किती?" मी खरं सांगायची. मग त्या बोटांनी चाचपून भाताच्या मधोमध रेघ ओढायच्या, अलीकडचा निम्मा खायच्या, पलीकडचा पोरांना दे म्हणायच्या, आणि उपाशी उठायच्या.